मुलीच्या शाळेत 'राष्ट्रीय पोशाख दिन' आहे, नऊवारी चालेल का?

चालेल. न चालायला काय झालं?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरला मुलीच्या शाळेत देशोदेशीच्या पोशाखांचा दिवस आहे. जपानी मुली किमोनो घालणार, कोरियन मुली हानबोक, व्हिएतनामी मुली आओ झाय. मग भारताचा असा ठरलेला पोशाख कोणता, आणि सात वर्षांच्या मुलीला नऊवारी नेसवली तर ती 'प्रादेशिक' म्हणून बाद होईल का, असा तुमचा प्रश्न. 'प्रादेशिक' वाचलं आणि राहवलं नाही. एरवी मी इथं नुसती वाचते. उत्तर लांबणार आहे, पण हे एकदा कुठंतरी लिहायचंच होतं.

भारताला कायद्यानं ठरवलेला राष्ट्रीय पोशाख नाही. पक्षी आहे, प्राणी आहे, पोशाख नाही. त्यामुळे हे चालतं आणि ते चालत नाही, असं सांगायचा अधिकार शाळेतल्या कुठल्याही पालकाला नाही, मग तो व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन का असेना.

आणि बाकीच्या देशांकडं बघून आपण उगाच खजील होतो. त्यांच्याकडं हजार वर्षांपासून एकच पोशाख चालत आलाय आणि आपल्याकडंच सगळा गोंधळ, असं काही नाही. आओ झायचं आजचं अंगासरशी बसणारं रूप १९३० च्या दशकात हनोईतल्या चित्रकारांनी घडवलं, त्यात फ्रेंच फॅशनचा हात मोठा. भूतानचे घो (पुरुषांचा पोशाख) आणि किरा (बायकांचा) जुने खरे, पण सरकारी कचेऱ्यांत, शाळांत ते घालायलाच हवेत असं कडक झालं ते १९८९ च्या राजाज्ञेनं, आणि दक्षिणेतल्या नेपाळीभाषक लोकांवर ती सक्ती झाली तेव्हा त्यातून किती कडवटपणा आला ते त्या लोकांना विचारा. जपानच्या सरकारनं तर १८७२ मध्येच दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरवून टाकला होता. केबाया, म्हणजे पुढून उघडणारी बायकांची लांब बाह्यांची चोळी, कुणाची, याचं उत्तर एका देशाला देता येईना म्हणून इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि थायलंड या पाच देशांनी मिळून ती युनेस्कोच्या यादीत नेली, २०२४ मध्ये. तुमच्याच सिंगापूरचं नाव त्यात आहे, तिथल्या शिक्षकांना हे माहीत असणार.

आता माझं. मी लग्न झाल्यापासून बँकॉकला राहते. माहेर कराडजवळचं. आजी शेवटपर्यंत इरकली लुगडं नेसली आणि तिनंच मला लहानपणी नेसायला शिकवलं. नऊवारी माझ्या हाताला सवयीची आहे, आरशाशिवाय नेसू शकते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं भांडण त्यावरूनच आहे.

मुलगी दुसरीत असताना इथल्या शाळेत असाच दिवस होता. झेंडे घेऊन मैदानाला फेरी, मग प्रत्येक देशाचं टेबल, खाणं, खेळ. भारतीय पालकांचा गट झाला. मी लिहिलं, आम्ही दोघी नऊवारी नेसणार. गटाची सूत्रं ज्या बाईंकडं होती त्या मराठीच. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाल्या, "अगं, नऊवारी म्हणजे कामवाल्या बायकांची नाहीतर तमाशातली. बाहेरच्या लोकांसमोर आपण काय दाखवतोय याचं भान ठेव जरा. शिवाय मागून तो काष्टा अगदी थाई लोकांसारखा दिसतो. आपण भारतीय आहोत हे कळणार कसं कुणाला? सगळ्या मुलींना लेहंगे ठरलेत, केशरी, पांढरे, हिरवे. तू एकटी वेगळी नको करूस."

मी म्हटलं, ताई, नऊवारीच नेसणार. त्या म्हणाल्या, मग झेंड्यामागं सगळ्यात शेवटी उभी राहा. मी म्हटलं, राहते.

या एका फोनमध्ये दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही मला अजून बोचतात. आधी तमाशाची.

पांढरपेशा घरांतल्या बायकांनी काष्टा सोडून गोल साडी धरली त्याला फार तर शंभरेक वर्षं झाली असतील. त्याआधी काष्ट्याशिवाय देवाचं करायला जायचं नाही, असं म्हणणाऱ्या सासवा याच घरांत होत्या. मग गोल नेसणं सुधारलेपणाचं ठरलं आणि काष्टा मागासलेला. तो टिकवला कुणी? शेतात वाकून भांगलणाऱ्या बायकांनी, बंदरावर पाटी वाहणाऱ्या कोळणींनी, आणि फडावर रात्र रात्र उभं राहणाऱ्या तमाशातल्या बायकांनी. त्यांनी तो अंगावर ठेवला म्हणून आज तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये 'मराठमोळा लूक' आहे. ज्यांनी जपलं त्यांचंच नाव शिवीसारखं वापरायचं, हे मी ऐकून घेणार नाही. घेतलंही नाही, पण फोनवर जेवढं बोलायला हवं होतं तेवढं सुचलं नाही, ते इथं लिहिते आहे.

दुसरी गोष्ट, थाई दिसतं म्हणे.

दिसतं! का नाही दिसणार? इथं चोंग क्राबेन नावाचं नेसण आहे. साधारण तीन मीटरचं कापड कमरेभोवती मागून पुढं आणायचं, दोन्ही टोकं पोटाशी जुळवून गच्च आवळायची, मग ती एकत्र गुंडाळून किंवा निऱ्या करून त्यांचा लांब शेव करायचा, दोन पायांतून मागं घ्यायचा आणि पाठीशी खोचायचा. वरून पट्टा. कंबोडियात हेच सम्पोत चांग क्बेन. ख्मेर म्हणतात आमचं, थाई म्हणतात आमचं, आणि त्यांची त्यावरून कडाक्याची भांडणं चालतात. मी त्यात पडत नाही. माझ्यासमोर एवढंच आहे की धोतर, काष्टा, चोंग क्राबेन शेजारी शेजारी ठेवले तर पाठीमागची खोच एकच आहे.

आणि येणं-जाणं तर होतंच. आयुथया ही सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, जुनी राजधानी. तिथल्या राजांच्या काळात सयामी दरबारासाठीचं चित्रांचं सुती कापड आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर बनायचं, तेही सयामी नक्षी आधी पाठवून, त्यांच्या मागणीप्रमाणे. पुढं सयामचा राजा चुलालोंगकोर्न १८७२ मध्ये हिंदुस्थानात आला, कलकत्ता, दिल्ली, मुंबई असा फिरला. कलकत्त्यात त्यानं उभ्या कॉलरचा, पुढं पाच बटणांचा पांढरा कोट शिवून घेतला आणि तो खाली चोंग क्राबेनवर घालायची पद्धत पाडली. आजही थाई नवरदेव लग्नात तोच घालतात. म्हणजे ज्याला आपल्या ताई 'थाई दिसणं' म्हणतात त्यातला अर्धा कोट कलकत्त्याच्या शिंप्याचा.

शाळेच्या त्या दिवशी मी मुलीला शाळेतच नेसवत होते, कारण गाडीत बसून निऱ्या विस्कटल्या असत्या. जेवणघराच्या मागं एक खोली होती. तिथं स्वयंपाकाला असणाऱ्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. इथं अशा बाईला 'पा' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. मी कमरेला गाठ मारली, पदर काढला, पुढं निऱ्या घेतल्या. पा नुसत्या बघत होत्या. मी मधल्या निऱ्या उचलून पायांतून मागं घेतल्या आणि मुलगी काही नीट उभी राहीना. काठ पाठीच्या मधोमध यायला हवा आणि तो सारखा डावीकडं सरकत होता. पा उठल्या, मला बाजूला केलं. एका हातानं मुलीचं पोट धरलं, दुसऱ्या हातानं तो शेव वर ओढला, काठाची कड बोटानं चाचपून मणक्याच्या रेषेवर आणली, आणि अंगठ्यानं आत दाबून असा खोचला की दिवसभर हलला नाही. कुणाला काही विचारलं नाही. बाईनं आयुष्यात नऊवारी पाहिलेली नव्हती. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमच्या आईचं असंच."

आम्ही झेंड्यामागं शेवटी चाललो. दुपारी रस्सीखेच होती. लेहंगेवाल्या मुली दोन्ही हातांनी घेर सावरत उभ्या होत्या, त्यांना बिचाऱ्यांना खेळताच येईना. माझी मुलगी टाचा रोवून ओढत होती. आजी उसाच्या फडात जायची ती हेच नेसून, त्यात काय नवल.

पांशी त्या दिवसापासून ओळख झाली ती आजपर्यंत आहे. त्यांचं गाव आयुथयाच्या पुढं अँग थाँगकडं. तिथं त्यांची आई होती, नव्वदीला आलेली. आम्ही एका सुट्टीत गेलो होतो. आजीबाईंनी पेटीतून जांभळं, नेसून नेसून मऊ पडलेलं कापड काढलं, त्यांच्या आजीचं. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकांत वाचलं, पण त्यांच्या तोंडून ऐकलं ते वेगळंच. १९३८ मध्ये फिबुनसोंगखराम पंतप्रधान झाले. त्यांनी १९३९ ते १९४२ या काळात एकामागून एक १२ फर्मानं काढली. देश सुधारलेला दिसला पाहिजे म्हणून बायकांनी चोंग क्राबेन सोडून स्कर्ट घालावा, डोक्याला हॅट हवी, पान खाणं बंद. हॅट नसेल तर कचेरीत काम होत नसे. या आजीबाई तेव्हा लहान होत्या. त्यांची आजी घरात चोंग क्राबेन नेसायची आणि बाजारात जायची वेळ आली की शेजारणीची हॅट मागून आणायची. ते सांगताना आजीबाईंचा चेहरा आजही रागानं लाल होत होता.

मग १९६० मध्ये राणी सिरिकित राजाबरोबर अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर निघाल्या. तिकडं थायलंडची राणी म्हणून काय घालायचं, असा प्रश्न पडला. जुनी चित्रं, जुने फोटो अभ्यासून दरबारानं पोशाख बसवले, पुढं त्यांचे आठ प्रकार पक्के झाले. आज 'थाई पोशाख' म्हणून जगभर जो मिरवतात तो हा. ग्रँड पॅलेसच्या आवारात राणीच्या नावाचं वस्त्रसंग्रहालय आहे, २०१२ मध्ये उघडलं, बँकॉकला आलात तर चुकवू नका. रेशीम बघून डोळे निवतात. राणीनं खेड्यापाड्यातल्या विणकरणींना जे काम मिळवून दिलं त्याचं मोल मोठंच आहे. पण मी त्या काचांपुढून फिरले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायकांच्या त्या आठ प्रकारांत चोंग क्राबेन नाही. सगळे पायघोळ. गोल.

तरी चोंग क्राबेन गेलं नाही. कुठं राहिलं सांगू? नाचात. इथल्या शास्त्रीय नृत्याच्या शाळांत मुलं-मुली सरावाला लाल चोंग क्राबेन नेसूनच उभी राहतात. आपल्याकडं फडानं राखलं, इथं नृत्यशाळेनं. आणि राहिलं ते अँग थाँगसारख्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांत.

एक फरक मात्र मला झोपू देत नाही. त्यांच्यावर सरकारनं हुकूम काढून ते अंगावरून उतरवलं. आपल्यावर कुणी हुकूम काढला होता? आपणच आपल्या आयांना लाजलो. माझ्या वर्गात पालकसभेला आई नऊवारीत आली म्हणून रडणारी मुलगी होती. तिला कुठल्या पंतप्रधानानं सांगितलं होतं?

आता शिवलेल्या नऊवारीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी तेच सुचवलंय: "रेडिमेड घ्या, पाच मिनिटांत होतं." माझ्या थोरल्या नणंदेचं आणि माझं यावरून बारा वर्षं चाललंय. तिचं म्हणणं, आजच्या मुलींना वेळ नाही, शिवलेली घेतली तर निदान वापरतील तरी. माझं म्हणणं, ती सलवार आहे, तिला पदर जोडलाय. लुगड्याची सगळी करामत अशी की ते अखंड कापड असतं. आजीचं मला होतं, माझं मुलीला होईल, बाळंतपणानंतर होतं, वजन उतरलं तरी होतं. घडी करून ठेवलं की पुन्हा सपाट कापड. किमोनोचंही तेच: साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंदीच्या एका ताग्यातून सरळ पट्ट्या कापायच्या, वळणदार काप नाही, उंचीचा फरक कमरेशी दुमडून काढायचा, म्हणून आजीचा नातीला येतो. शिवलेल्या नऊवारीला कात्री लागली की ती एकाच मापाची झाली. दोन वर्षांनी मुलगी वाढली की तो कपडा गेला.

आणि नुसत्या कापडाचा प्रश्न नाही. नेसवताना दोन बायका एकमेकींच्या अंगाशी असतात. श्वास घे, पोट आत घे, पाय फाक, उभी राहा नीट. हे एकीकडून दुसरीकडं जायला दुसरी वाट नाही. पांच्या नातीनं गेल्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, वाट अरुण या देवळाजवळच्या दुकानातून भाड्यानं पोशाख घेतला, चोंग क्राबेनला आत चेन आणि इलॅस्टिक. फोटो सुंदर आले. पा मला म्हणाल्या, मी घरीच होते, मला एकदाही विचारलं नाही. माझ्या नणंदेला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, तू फार ताणतेस. ताणते. कुणीतरी ताणायला हवं.

तुमच्या गटातही असं कुणी असेल, म्हणून सांगते: हरू नका. आमच्या त्या ताई पुढं गणपतीत स्वतः नऊवारीत आल्या, शिवलेल्या, आणि सगळ्यांना सांगत होत्या की आपला वारसा जपला पाहिजे. मी त्यांना एवढंच विचारलं की काष्टा थाई दिसत नाही ना आता. त्या काही बोलल्या नाहीत.

हेही लिहिते, नाहीतर कुणीतरी अंगावर येईल. लावणीचे कार्यक्रम करणाऱ्या मुलींना मिनिटांत कपडे बदलावे लागतात, ढोल-ताशा पथकातल्या मुली तासन्‌तास उन्हात वाजवतात, ज्यांचा हात किंवा गुडघा साथ देत नाही अशा बायका आहेत. त्यांनी शिवलेली वापरावी, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. लेहंगाही वाईट नाही, तो ज्यांचा आहे त्यांनी आनंदानं घालावा. आणि माझा सगळा अनुभव बँकॉकच्या एका शाळेचा, तुमच्या शाळेत पिन किंवा पायांबद्दल काही नियम असतील तर शिक्षकांना विचारून घ्या.

मुलीसाठी पूर्ण नऊ वार घेऊ नका, ती कापडात बुडेल. घरातली जुनी, मऊ सुती सहावारी काढा. नवी कडक नको, रेशमी तर नकोच, घसरते. वरची बाजू आत दुमडून रुंदी तिच्या कमरेपासून घोट्यापर्यंत आणा. आत घट्ट चड्डी किंवा लेगिंग, आणि कमरेला सुती नाडी बांधून त्यावर गाठ मारा. पदराला अंदाजे तिच्या उंचीएवढं कापड सोडा, उरलेल्याच्या निऱ्या. काष्टा घेताना तिला पाय फाकवून, किंचित वाकवून उभं करा आणि तसंच ओढा, म्हणजे नंतर बसताना तटणार नाही. पिना दोनच, एक खांद्याला, एक मागं, दोन्ही आतून. आदल्या दिवशी एकदा नेसवून घरभर पळवा. तुम्हाला स्वतःला येत नसेल तर आईला किंवा सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावा, त्या नाक मुरडत का होईना पण सांगतील, आणि चित्रफितींपेक्षा बरं सांगतील.

शाळेच्या फॉर्मवर देशाच्या रकान्यात भारत लिहा आणि पोशाखाच्या रकान्यात नऊवारी. पुढं कंसात काही लिहू नका.